जनसुनावणीत तीन मिनिटं बोलायचं, की कारखान्याला समोर बसवायचं?

नदीकाठचा
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव. गावाचं आणि कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्ध्या गावाचा ऊस तिथंच जातो आणि माझाही जातो.

तीन वर्षांपूर्वी डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याचं तळं फुटलं. पाणी ओढ्यानं खाली आलं आणि ओढ्याकडेच्या ११ विहिरी काळ्या चहासारख्या झाल्या. म्हशी हुंगून माघारी फिरायच्या. आमच्या विहिरीवर पावणेदोन एकर ऊस होता, तो पिवळा पडला. प्रदूषण मंडळाचे लोक आले, कॅनमध्ये पाणी भरून घेऊन गेले. नोटीस निघाली, कारखान्यानं दंड भरला असं ऐकलं. आम्हाला एक रुपया नाही. त्याहून वाईट म्हणजे ओढा ओलांडून आमच्याकडं कुणी आलंच नाही. वडील अजून म्हणतात, "पैसं राहू दे, एकदा येऊन चुकलं म्हणायला काय झालं हुतं?"

आता डिस्टिलरीची क्षमता वाढवायची आहे आणि त्यासाठी जनसुनावणी लागली आहे. गावात तीन तट पडलेत. एक म्हणतो बहिष्कार टाका. दुसरा म्हणतो जाऊन असा शिमगा करा की सुनावणी उधळली पाहिजे. तिसरा म्हणतो, संचालकांचा निरोप आलाय, "बसून मिटवू", तर बसा.

मला तिन्ही पटत नाहीत. सुनावणीत तीन मिनिटं माईक मिळणार, समोरचा मान हलवणार आणि आपण चहा पिऊन घरी. याला आवाज म्हणायचं का? आणि बंद खोलीत बसून मिटवायचं, तर तो न्याय म्हणायचा का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भडंगप्रेमी
तीन मिनिटं? आमच्या ग्रामसभेत एकेकाच्या हातातून माईक काढायलाच दहा मिनिटं जातात. पण प्रश्न लाखमोलाचा आहे. वाचतोय.

वकीलताई_मिरज
आधी बहिष्काराचा विचार डोक्यातून काढा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. तुम्ही गेला नाहीत तरी ती होते आणि इतिवृत्तात 'हरकत नाही' एवढंच उरतं. उधळलीत तर उधळणाऱ्यांवर गुन्हे आणि सुनावणी पुन्हा लागते.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. सुनावणीआधी ३० दिवस नोटीस द्यावी लागते, एका मराठी पेपरात छापावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध हवा. तो मागून घ्या आणि त्यात तुमच्या ११ विहिरी आहेत का ते बघा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो आणि त्याचा दर्जा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खाली चालत नाही. सगळ्याचं चित्रीकरण होतं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे शेवटी इतिवृत्त तिथंच, मराठीत, वाचून दाखवायचं असतं. लोक तोवर निघून गेलेले असतात. तुम्ही उठू नका. जे सुटलंय ते तिथल्या तिथं घालायला लावा.

तीन मिनिटांची काळजी करू नका. लेखी हरकतीला मिनिटांची मर्यादा नाही. ११ विहिरींच्या ११ वेगळ्या हरकती द्या, पोच घ्या. एकाच मजकुरावर दोनशे सह्या घेऊन गेलात तर एकच हरकत धरली जाईल.

यंत्रमाग_विटा
ताईंच्या बोलण्याला जोडून. मी वीजदराच्या सुनावणीला दोनदा गेलोय. तिथं एक गोष्ट या जनसुनावणीपेक्षा फार चांगली आहे. वीज नियामक आयोग आदेश काढतो त्यात आधी ग्राहकाची हरकत, खाली कंपनीचं उत्तर, त्याच्या खाली आयोगाचा निर्णय, असं मुद्देसूद छापलेलं असतं. मागणी फेटाळली तरी का फेटाळली ते वाचायला मिळतं. २००३ च्या वीज कायद्यातच आहे की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा. हे आपोआप झालं नाही. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडे घेऊन आयोगासमोर उभं राहून राहून ही सवय लावली.

पहिल्या वेळी मी नुसता तावातावानं बोललो. कुठं काही उमटलं नाही. दुसऱ्या वेळी आमच्या शेडची बारा महिन्यांची बिलं आणि वीज किती वेळ गेली त्याची वही घेऊन गेलो. आदेशात आमचा मुद्दा आला, उत्तरासकट. दर काही कमी झाला नाही, पण आपलं म्हणणं कुणीतरी वाचलं हे कागदावर दिसलं. मला त्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

कडक_बोल
समाधानावर पोट भरत नाही. ज्यानं विहीर नासवली त्याला आत टाका. एक चेअरमन जेलात गेला की बाकीचे आपोआप सरळ होतात. हे बसणं-बोलणं म्हणजे सौदा असतो.

खुंटावरचं_कलम
कडक बोल, तुमचा राग समजतो. तरी आमच्या तासगाव भागातली एक गोष्ट सांगतो, ऐका.

चुलत्यांच्या द्राक्षबागेचे वेल एका रात्रीत कुणीतरी बुडातून कापले. ६२ वेल. माल उतरायला वीस दिवस राहिले होते. ज्याची बाग आहे त्यालाच कळेल, पोटच्या पोराला कुणी कापावं तसं असतं ते. चुलती तीन दिवस चुलीपुढं बसून होती. पोलिसात तक्रार गेली. पोरगा सापडला, शेजारच्याच वस्तीवरचा, एकोणीस वर्षांचा. बांधावरून भांडण होतं, बापाचा अपमान झाला म्हणून केलं म्हणाला.

गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही घरं मारुतीच्या देवळात बसवली. आधी चुलत्यांना विचारलं, बसायचं का? चुलते नाही म्हणाले. आठ दिवसांनी स्वतःच हो म्हणाले. तिथं कुणी कायदा सांगितला नाही. चुलतीला बोलू दिलं. ती रागावलीच नाही. ती फक्त सांगत गेली, खुंट कधी लावले, कलम कधी बांधलं, पहिल्या वर्षी पाण्यासाठी टँकर कसे आणले, बँकेचा हप्ता कधीचा आहे. पोराची मान खाली गेली. त्याच्या बापाची पण.

ठरलं असं: वेलांचे पैसे बाप दोन वर्षांत देणार आणि पोरगा नवीन वेल उभे राहीपर्यंत बागेत येणार. नवीन वेलाला माल धरायला दोन वर्षं जातातच. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, दोन्ही वर्षं तो होता. आज त्याची स्वतःची दीड एकर बाग आहे आणि औषधाची मात्रा विचारायला चुलत्यांकडंच येतो. बांधाचं भांडण मात्र कोर्टात चालू आहे! ते काही मिटलं नाही.

तो जेलात गेला असता तर चुलतीला काय मिळालं असतं? मी आजवर हाच विचार करतोय.

साताऱ्याची_लेक
खुंटावरचं कलम, तुमच्या चुलतीला बोलू दिलं, छान झालं. मला बोलू दिलं नव्हतं.

आमच्या गावात माझ्याच बाबतीत अशी बैठक झाली होती. नवऱ्यानं डोकं फोडलं, सात टाके पडले. पोलिस ठाण्यात जायच्या आधी समितीची माणसं घरी. सगळे पुरुष, त्यातले दोघे नवऱ्याचे भाऊबंद. "घरातलं घरात ठेव, गावाचं बक्षीस जाईल." त्या वर्षी गाव तंटामुक्त घोषित करायचं होतं, माझी तक्रार मध्ये येत होती. नवऱ्यानं माझ्या पाया पडल्यासारखं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. दीड महिन्यानं दुसऱ्यांदा मारलं. तेव्हा मात्र भाऊ येऊन घेऊन गेला आणि मी रीतसर केस केली.

म्हणून विचारते. समोर बसायचं कुणी ठरवलं? उठून जायची मुभा आहे का? मध्ये बसलेला माणूस कुणाचा? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत 'समेट' या शब्दावर माझा विश्वास नाही. आमच्याच साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांच्या चळवळीनं जातपंचायतींविरुद्ध लढा दिला, तेव्हा कुठं २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला. त्या पंचायती पण स्वतःला न्याय करणाऱ्याच म्हणवत होत्या.

खुंटावरचं_कलम
ताई, वाचून गप्प झालो. आमच्याकडं अध्यक्ष बरे होते एवढंच, पद्धत बरी होती असं म्हणता येणार नाही. तुमचे तिन्ही प्रश्न लिहून घेतले.

मोडीवाचक
तंटामुक्त मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. आबांची कल्पना, म्हणजे आपल्याच अंजनीची. हेतू चांगला होता. पण मिटलेले तंटे मोजून बक्षीस ठेवलं की तंटा मिटण्यापेक्षा तो कागदावरून जाण्याला महत्त्व येतं. ताईंच्या बाबतीत तेच झालं.

आपल्याकडं याची जुनी परंपरा आहे ती सांगायचा मोह आवरत नाही. शिवकाळात आणि त्यानंतरही गावचा तंटा गोतसभेपुढं जायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक, सगळे बसायचे. निवाड्याचा महजर, म्हणजे सभेचा निकालपत्र कागद, व्हायचा आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या, पाटलाची नांगराची खूण असायचीच. हरणारा येजितखत लिहून द्यायचा, म्हणजे 'मी खोटा ठरलो' ही कबुली त्याच्याच नावानं कागदावर यायची. नदीकाठचा यांच्या वडिलांना जे हवं आहे ते मला तरी येजितखतच वाटतं. दंडाच्या पावतीवर तसं काही लिहिलेलं नसतं.

साताऱ्याची_लेक
काका, त्या गोतसभेत बाई किती आणि गावकुसाबाहेरचे किती?

मोडीवाचक
महाराची निशाणी महजरावर सापडते, वतनदार म्हणून. पण निशाणी असणं आणि शब्दाला वजन असणं वेगळं. वतनाच्या वादात बायकांची नावं येतात, सभेत बसलेल्यांत मी वाचलेली नाहीत. तुमचा आक्षेप मान्य.

कुंडलचा_पोरगा
आजोबा तुफान सेनेत होते. १९४३ ते ४६ प्रतिसरकार चाललं तेव्हा सांगली हा जिल्हाच वेगळा नव्हता, वाळवा, तासगाव, खानापूर सगळं साताऱ्यात. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड. गावोगाव न्यायदान मंडळं होती. लोक इंग्रजांच्या कोर्टात जायचं सोडून तिकडं जायचे, कारण वकील लागत नव्हता आणि निकाल भाकरी थंड व्हायच्या आत. सावकारानं हडपलेल्या जमिनी माघारी दिल्या.

आणि गुंडांच्या, खबऱ्यांच्या तळपायावर काठ्या पडायच्या हेही खरं. आजोबा ते सांगताना अभिमानानं सांगत नसत. म्हणायचे, "तवा दुसरा विलाज नव्हता, पर मारल्यालं माणूस सुधारल्यालं म्या बघितलं न्हाय, भ्यालेलं बघितलं." जमीन माघारी मिळालेल्या घरात मात्र दिवाळीला त्यांचं पान वाढलं जायचं.

कडक_बोल
बघा, तिथंही शिक्षा होतीच की.

माणदेशी_माणूस
मग आटपाडीचं पण सांगायला पाहिजे. औंध संस्थानानं १९३९ साली आमच्या इथं स्वतंत्रपूर वसवलं, खुनाच्या कैद्यांची बिनभिंतीची वसाहत. मूळ कल्पना पोलंडच्या एका इंजिनिअरची, मॉरिस फ्रीडमन, भारतानंद म्हणायचे त्यांना. कैदी बायकापोरांसह राहायचे, शेती करायचे. वसाहत आजही आहे. मी लहानपणी तिथल्या माणसांकडून भाजी घेतलीय. आईनं सांगितल्यावर कळलं की हे कैदी आहेत. त्याच वर्षी औंधच्या राजांनी स्वतःच राज्यकारभार आणि न्यायाचे अधिकार पंचायतींकडं सोपवले, गांधीजींच्या सल्ल्यानं. दुष्काळी मुलखानं केलेलं काम आहे हे, कुणी आठवण काढत नाही.

पूरग्रस्त_२०१९
मंडळी, सगळं खरं, पण नदीचा विषय निघालाय तर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर कोण सुनावणी घेणार? ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात अकरा दिवस पाणी. आम्ही आमचं म्हणणं कुठं मांडायचं? लवादापुढं राज्यं बोलतात, पेठेतला दुकानदार बोलत नाही.

भडंगप्रेमी
दादा, अलमट्टीचा वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर पुढच्या पुरापर्यंत संपणार नाही. मी पहिला प्रतिसाद देतो तिथं.

ओढ्यापलीकडचा
आजपर्यंत नुसता वाचक होतो. मी एका डिस्टिलरीत सांडपाणी प्रक्रियेवर पाळीनं काम करतो. नदीकाठचा यांच्या गावाजवळची नाही, पण सगळीकडं सारखंच आहे.

एक लिटर अल्कोहोलमागं साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे तेच मळीचं पाणी, निघतो. तो बाष्पीभवन करून घट्ट करायचा आणि बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करायचं. एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही हा नियम. पण बाष्पीभवन यंत्र साफसफाईला बंद असतं तेव्हा उत्पादन बंद होत नाही. सगळं तळ्यात जातं. पावसाळ्यात खताचं काम बंद. तळं काठोकाठ. आम्ही लॉगबुकात लिहितो, वरिष्ठांना फोन करतो. "आजची रात्र काढा." आणि फुटलं की पहिला निलंबित होतो तो त्या पाळीचा ऑपरेटर.

कुणी मला विहिरीवाल्यांसमोर बसवलं असतं तर मी सांगितलं असतं की कुठल्या तारखेपासून पातळी वर होती. सुनावणीत आम्हाला बोलता येत नाही, पहिल्या रांगेत कंपनीचा शर्ट घालून बसायला लावतात. चौकशीत विचारतात ते फक्त "कुणाची चूक". का झालं ते कुणी विचारलेलं मला आठवत नाही. लॉगबुक मागा. तळ्याच्या पातळीची रोजची नोंद मागा. एवढंच सांगायला खातं उघडलं.

नदीकाठचा
ओढ्यापलीकडचा, तुम्ही लिहिलंत ते वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या रात्री तिथं पण कोण तरी जागंच हुतं म्हणायचं." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पलीकडच्या माणसाबद्दल शिवीशिवाय वाक्य ऐकलं.

कराड_ते_ऑकलंड
मी इथं शाळेत समुपदेशक आहे. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यानं अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंब परिषद आणली. माओरी लोकांचं म्हणणं होतं की आमची पोरं तुमच्या कोर्टात एकटी उभी राहतात, आमच्यात पोराबरोबर सगळं गोत उभं राहतं. आता मुलगा, त्याचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो, पोलिस, सगळे एका खोलीत. नुकसान झालेल्यानं यायलाच पाहिजे असं नाही, तो प्रतिनिधी पाठवू शकतो. सातारच्या ताईंचा दुसरा प्रश्न तिथं कायद्यात सोडवलाय.

त्याआधी १९७४ ला कॅनडात एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं आणि त्या दोघांना दारोदार नेलं. ज्यांच्या खिडक्या फोडल्या त्यांच्यासमोर उभं केलं, नुकसान विचारलं, भरायला लावलं. या गोष्टीपासूनच तिकडं हा विचार रुजला असं मानतात.

पण इथं काम करून एक कळलंय. नुकसान करणाऱ्यानं 'हो, मी केलं' म्हटल्याशिवाय ही खोली उघडायचीच नसते. केलं की नाही यावर वाद असेल तर ती जागा कोर्टाची.

कडक_बोल
पोरांनी खिडक्या फोडणं आणि कोट्यवधींच्या कारखान्यानं ११ विहिरी नासवणं यात फरक आहे का नाही?

कराड_ते_ऑकलंड
आहे, मोठा आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी कंपन्या आणि नियामक यांवरच आयुष्यभर काम केलं. त्यांची मांडणी पिरॅमिडसारखी आहे. तळाशी बोलणं, समजावणं, भरून द्यायला लावणं. नाही ऐकलं तर ताकीद, मग दंड, मग खटला, आणि टोकावर परवाना रद्द. बहुतेक प्रकरणं तळाशी सुटतात, पण ती सुटतात कारण वर टोक दिसत असतं. टोक बोथट झालं की खालचं बोलणं गप्पा होऊन जातं. म्हणजे तुमचं म्हणणं चूक नाही. फक्त तुम्ही टोकावरूनच सुरुवात करताय.

वकीलताई_मिरज
टोक बोथट होण्याबद्दल माझी मोठी तक्रार आहे, म्हणून लिहिते. २०२३ चा जनविश्वास कायदा आणि २०२४ ची जलप्रदूषण कायद्यातली दुरुस्ती यांनी बऱ्याच उल्लंघनांची कैद काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला. 'उद्योगांना तुरुंगाची भीती नको' हे कारण. मला कैद हवीच असं नाही. पण कैद काढलीत त्या जागी नुकसान झालेल्याला खुर्ची द्यायला हवी होती. ती दिली नाही. दंड ठरवणारा अधिकारी आणि दंड भरणारा कारखाना, दोघंच. विहिरीवाला पुन्हा बाहेर. दंडाची रक्कमही सरकारी निधीत जाते. आधी गुन्ह्यात सरकार फिर्यादी होऊन बसायचं, आता दंडात पण सरकारच.

भोपाळचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९८५ चा कायदा करून सरकारनं सगळ्या पीडितांच्या वतीनं लढायचा हक्क स्वतःकडं घेतला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरला तडजोड झाली. पीडितांना कुणी विचारलं नाही. नंतर सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की त्यांचं म्हणणं ऐकायला हवं होतं. लोकांच्या नावानं केलेला समेट लोकांना न विचारता झाला की असं होतं.

आता कामाचं. नदीकाठचा, तुम्ही 'तीन वर्षांपूर्वी' लिहिलंय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम १५ आहे: भरपाई, मालमत्तेची आणि पर्यावरणाची पूर्ववत दुरुस्ती, दोन्ही मागता येतं आणि मुदत ५ वर्षांची आहे. तुमची मुदत अजून शिल्लक आहे! पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. हा अर्ज तयार करून खिशात ठेवा आणि मग बसायला जा. कराडकरांचं टोक तुमच्या खिशात असेल. आणि 'आता काही तक्रार उरली नाही' अशा कुठल्याही कागदावर सही करू नका, वाटखर्च म्हणून पाकीट दिलं तरी.

मोडीवाचक
ताई, यासाठीच मी हा मंच वाचतो.

साताऱ्याची_लेक
नदीकाठचा, तुमच्या ११ विहिरींत एखादी बाईच्या नावावर आहे का? असेल तर तिला स्वतःला बोलू द्या. तिच्या दिराला नको.

भडंगप्रेमी
आठ दिवस झाले, धागाकर्ते गायब. सुनावणी झाली का? आमचा जीव टांगणीला लागलाय.

नदीकाठचा
झाली. उशिराबद्दल माफ करा, पाळीचं पाणी रात्रीचं होतं.

११ पैकी ९ विहिरींच्या वेगळ्या लेखी हरकती गेल्या. प्रत्येकीत विहिरीचा गट नंबर, पाणी कधी नासलं, काय पीक गेलं, जनावराला किती दिवस लांबून पाणी आणलं. सारांश अहवालात परिसरातल्या विहिरींचा तक्ता होता, त्यात आमच्या ओढ्याकडेची एकही विहीर नव्हती. हे मी माईकवर बोललो. एवढ्यावरच माझी तीन मिनिटं संपली. सुदैवानं पुढच्या माणसानं तिथून पुढं धरलं, मग त्याच्या पुढच्यानं. आधीच वाटून घेतलं होतं आम्ही, भजनात अभंग वाटून घेतात तसं.

साताऱ्याच्या ताई, एक विहीर एका विधवा वहिनींच्या नावावर आहे. त्यांच्या वतीनं बोलायला दीर उठला होताच. त्यांनी पदर खोचला आणि स्वतः पुढं गेल्या. त्यांनी मागितलं ते आमच्या कुणाच्या यादीत नव्हतं: तळ्याची पातळी रोज गावच्या चावडीवरच्या फळ्यावर लिहायची. "फुटायच्या आधी आमाला कळाया पायजे, फुटल्यावर सगळ्यांनाच कळतं." ओढ्यापलीकडचा, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या शर्टवाल्यांपैकी दोघांनी माना वर केल्या. लॉगबुकाची मागणीही नोंदवली.

इतिवृत्त वाचायच्या वेळी मंडपात आम्ही चाळीसेक जण उरलो होतो. फळ्याचा मुद्दा वाचलाच नाही. वहिनींनी हात वर केला, पुन्हा सांगितलं, घालून घेतला. विस्तार मंजूर होईल असंच दिसतंय, ते मला माहीत होतं.

बसण्याबद्दल. संचालकांचा निरोप पुन्हा आला. आम्ही उलटा निरोप दिला: कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर नाही, ओढ्याकडेला, विहिरीपाशी. मध्ये गावचा कुणी नको, तालुका विधी सेवा समितीकडून माणूस मागतोय. आधी 'तळं आमचं फुटलं' हे लेखी, मग पुढची बात. वकीलताईंनी सांगितलेला अर्ज पुण्याच्या एका वकिलांकडं टाईप होतोय, तो थांबवणार नाही हेही सांगितलं. चार दिवस उत्तर नव्हतं. काल आलं, 'विचार करून कळवतो'.

दोन विहिरीवाले बसायला तयार नाहीत. एकाची म्हैस गेली होती त्या वेळी. त्याला मी आग्रह केला नाही, त्याचं नाव अर्जात राहील. वडील तयार आहेत. काय विचारायचं ते त्यांनी ठरवलंय, मला सांगत नाहीत.

आता मदत हवी. विहिरींचं पाणी आजच्या तारखेला तपासून ठेवायचंय, बसायच्या आधी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा सांगली-कोल्हापूरकडं कुणाला माहीत आहे का? आणि नमुना कसा घ्यायचा?

ओढ्यापलीकडचा
नमुना तुम्ही घेऊ नका, प्रयोगशाळेच्या माणसाला बोलवा, नाहीतर कोर्टात टिकत नाही. पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मग भरायचा, बाटली त्यांचीच, वर तारीख-वेळ आणि दोन साक्षीदार. सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), टीडीएस (विरघळलेले क्षार), पोटॅशियम सांगा, मळीच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ओढ्याच्या वरच्या अंगाची एक चांगली विहीर पण तपासा, तुलनेला लागते. रविवारी मला सुट्टी आहे. चालत असेल तर येतो.

नदीकाठचा
या. वडिलांना सांगतो, जेवायला थांबा.